मालिकोर्नची ‘आल्माना’ : खर्ज सांभाळून केलेलं रॉक

अहिराणी गाण्याला इलेक्ट्रिक गिटार लावावी की लावू नये, हा वाद जळगाव-धुळ्याकडे अधूनमधून निघतो. एक बाजू म्हणते परंपरा बिघडते, दुसरी म्हणते नाहीतर पोरं ऐकणार कशी. मालिकोर्न या फ्रेंच बँडची ‘आल्माना’ ही १९७६ची एलपी, म्हणजे लांब ग्रामोफोन तबकडी, नीट ऐकली तर भांडण गिटारीवर करण्यात अर्थ नाही हे लक्षात येतं. गाण्याखाली कोणता सूर अखंड चालू आहे, आणि ओळीची लांबी गाणं ठरवतं की मशीनचा लूप, हे दोन प्रश्न सुटले की गिटार लावा, व्हायोलिन लावा, काही बिघडत नाही. या बँडच्या चौघांनी ते दोन्ही सोडवले आहेत, म्हणून ही तबकडी खानदेशातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी ऐकावी असं मनापासून वाटतं. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला, ते पुढे येईलच.

आधी नावाचा घोळ मिटवू. रोमन लिपीत ‘आल्माना’च्या शेवटी सी आणि एच ही दोन अक्षरं येतात, पण फ्रेंचमध्ये ती मुकी. शोधताना ती लिहावी लागतात, बोलताना सोडायची. अर्थ पंचांग, किंवा आपल्या घरात खिळ्याला टांगलेलं असतं ते कॅलेंडर म्हणा. बँडच्या पहिल्या दोन्ही तबकड्यांवर फक्त बँडचंच नाव होतं, त्यामुळे लोक त्यांना पहिली, दुसरी असं म्हणतात. ही तिसरी. ऑनलाइन यादीत ती कधी नुसती ‘मालिकोर्न ३’ म्हणूनही दिसते. तबकडी एकच आहे, दोनदा विकत घेऊ नका.

बँड उभा राहिला १९७३ साली. गाब्रिएल याकूब आणि मारी याकूब हे तेव्हाचे नवरा-बायको, जोडीला ह्युग द कुर्सों आणि लोराँ व्हेर्कांब्र. गाब्रिएल आधी आलाँ स्तिव्हेलच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. स्तिव्हेल फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांताचा, केल्टिक हार्प वाजवणारा. १९७२ साली पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात त्यानं ब्रिटनीची लोकगीतं इलेक्ट्रिक वाद्यांसह सादर केली, ती मैफल तबकडीवर आली आणि फ्रान्सभर गाजली. गाब्रिएलनं तिथं शिकलेली रीत पुढे फ्रेंच भाषेतल्या गाण्यांना लावली. द कुर्सों ‘एक्झागॉन’ या लेबलच्या, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या उभारणीत होता, आणि ‘आल्माना’ त्याच लेबलवर निघाली. म्हणजे वाजवणारा आणि छापणारा एकाच खोलीत. बाहेरच्या कंपनीनं ‘जरा ड्रम वाढवा’ म्हणायची सोय राहिली नाही, आणि ते तबकडीत ऐकू येतं.

रचना अशी, की प्रत्येक गाणं वर्षातल्या एका महिन्याशी जोडलेलं आहे. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर जे गातात ते पोळ्याला कोणी गात नाही, आणि श्रावणातल्या कानबाई देवीची गाणी होळीला निघत नाहीत. गाणं महिन्याचं असतं आणि महिना शेताचा. फ्रान्सच्या खेड्यातही तेच होतं. २४ जूनला सेंट जॉनचा दिवस, त्या रात्री जाळ पेटवायचा आणि मेळावा भरायचा. या तबकडीत त्या दिवसाचं गाणं आहे : सगळे प्रेमी मेळाव्याला निघालेत, हिचा तेवढा नाही. डिसेंबरला नाताळचं गाणं आहे. एका गाण्यात घोड्यांना पाण्यावर नेणाऱ्याला कोकीळ सांगते, की तुझ्या प्रियेला पुरायला नेताहेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात रात्री तापीकाठी बसलेल्या माणसाला त्या गाण्याचा संथ, जड ठेका अनोळखी वाटणार नाही.

आता मुख्य गोष्ट, आवाज.

या तबकडीत रॉक ड्रमसेटवर उभं नाही. ते उभं आहे अखंड वाजणाऱ्या षड्ज-पंचमावर, म्हणजे सा आणि प यांवर. तो सूर बहुतेक वेळा व्हिएल आ रू या वाद्याचा. इंग्रजीत त्याला हर्डी-गर्डी म्हणतात. त्याची रचना कळली की अर्धी तबकडी कळते, म्हणून जरा थांबून सांगायला हवं. पेटीसारखं लाकडी अंग, त्याच्या पोटात लाकडाचं चाक, चाकाच्या आसाला बाहेर दांडा. उजव्या हातानं दांडा फिरवायचा. चाकाच्या कडेला राळ लावलेली असते, ती तारांना घासते आणि तारा वाजतात. चाक म्हणजे कधीच न संपणारा गज. डाव्या हाताशी पट्ट्यांची पेटी असते. पट्टी दाबली की आतली लाकडी जीभ चाल वाजवणाऱ्या तारेला टेकते आणि सूर बदलतो. हात सोडला की पट्टी स्वतःच्या वजनानं खाली पडते. फ्रेंच वाद्याला सहसा तेवीस पट्ट्या, म्हणजे जवळजवळ दोन सप्तकं. बाकीच्या तारा पट्ट्यांना लागतच नाहीत. त्या एकच सूर धरून असतात, आपल्या तुणतुण्यासारख्या.

त्यातली एक तार मात्र वेगळी. ती ज्या घोडीवरून, म्हणजे तारेखालच्या लाकडी आधारावरून, जाते तिचा एक पाय फळीवर सैल ठेवलेला असतो. फ्रेंच लोक या घोडीला कुत्रा म्हणतात. चाक सावकाश फिरत असेल तर कुत्रा गप्प. मनगटाचा झटका दिला की तारेची थरथर वाढते, सैल पाय फळीवर आपटतो आणि ‘झर्र’ असा ताल निघतो. एका फेऱ्यात चार झटके देणारे वादक असतात. तंबोऱ्याच्या जवारीची जात आणि हलगीचं काम, दोन्ही एका तारेत. ‘आल्माना’मध्ये नाचाची चाल सुरू होते तेव्हा जो खरखरीत ताल ऐकू येतो त्याला ड्रम समजू नका. जिथं तो आहे तिथं ड्रमची जागाच उरत नाही.

हे वाद्य बिघडतंही फार. तारेला चाकाशी जिथं घासायचं तिथं कापसाचा पातळ थर गुंडाळावा लागतो. थर जाड झाला की आवाज घोगरा होतो, पातळ झाला की तार किंचाळते. राळ जास्त झाली तर कर्कश, कमी झाली तर सूर मध्येच सुटतो. दमट हवेत लाकूड फुगून चाक गोल राहत नाही, मग प्रत्येक फेऱ्याला आवाज मोठा-लहान होतो. मालिकोर्नच्या ध्वनिमुद्रणात वाद्य उत्तम लागलेलं आहे, पण हातानं फिरवलेल्या चाकाचा तो श्वास अजिबात पुसलेला नाही. तो पुसला असता तर कीबोर्डचा पॅड आणि हे वाद्य यांत फरक उरला नसता.

बाकीची वाद्यं थोडक्यात. क्रोमॉर्न हे रेनेसाँ काळातलं फुंकवाद्य, खालचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं. त्याची जिभाळी टोपणात बंद असते, ओठ तिला लागत नाहीत. गारुड्याच्या पुंगीत जिभाळी भोपळ्याच्या पोटात असते ना, तीच कल्पना. म्हणून फुंकीनं आवाज लहान-मोठा करता येत नाही, आणि पल्लाही जेमतेम नऊ सुरांचा. एपिनेत द व्होज ही मांडीवर किंवा टेबलावर ठेवून वाजवायची पडदे असलेली लांबट पेटी, तिलाही अखंड सुराच्या तारा वेगळ्या. डल्सिमर, व्हायोलिन, मॅंडोलिन, हार्मोनियम, बुझुकी हे ग्रीक तारवाद्य, ध्वनिक आणि इलेक्ट्रिक गिटार. व्हेर्कांब्र एकटाच यातली बरीचशी वाजवतो.

या संगीताला लोक मध्ययुगीन म्हणतात, ते का? यादीत अस्सल मध्ययुगीन असं फार थोडं आहे. बुझुकी तर फ्रेंचसुद्धा नाही. गाणी मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकात खेड्यांतून गोळा झालेली. जुनेपणाचा भास येतो तो तीन गोष्टींनी. पहिली, स्वरमेळ. बऱ्याच चाली डोरियनमध्ये आहेत, म्हणजे आपला काफी थाट. काही मिक्सोलिडियनमध्ये, म्हणजे खमाज, तर काही आसावरीच्या वळणावर. दुसरी, अखंड षड्ज. तिसरी, कंठांची मांडणी. दोन आवाज पंचमाच्या अंतरावर बरोबरीनं चालतात, मध्ये गंधार भरून गोडवा आणलेला नाही. चर्चमधल्या जुन्या गायनाची ही चव आहे. काफी-खमाज कानात असलेल्या आपल्या माणसाला ही तबकडी पॅरिसच्या श्रोत्यापेक्षाही लवकर जवळची वाटू शकते. स्वर ओळखीचे, फक्त उच्चार परका.

गिटारीनं इथं काय केलं आहे ते वेगळं ऐकण्यासारखं आहे. ती बहुतेक वेळा नुसता षड्ज-पंचम धरते, तोही व्हिएलच्या सुरात मिसळून. कडव्याच्या शेवटी ती अर्ध्या पावलानं पुढे येते, किंचित फाटलेल्या आवाजात चालीचीच एखादी ओळ दुहेरी करते आणि मागे सरते. सोलो वाजवण्याची घाई नाही. कानांना बटणं लावून पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गिटार कुठून सुरू झाली ते पकडायचा प्रयत्न करा. सापडत नाही, इतकी ती खालच्या सुरातून उगवते.

आणि कंठ. तबकडीत काही जागा अशा आहेत की सगळी वाद्यं थांबतात आणि चौघं नुसते गातात. मारीचा आवाज सरळ आहे, थरथर नाही, भावनेची ओढाताण नाही. मरणाची बातमीसुद्धा ती बाजारभाव सांगावा तशी सांगते, आणि म्हणूनच ती टोचते. जात्यावर दळताना गायलेली ओवी अशीच असते. गाणारी रडत नाही, ऐकणारा रडतो. आपल्याकडे स्टुडिओत लोकगीत गायला बसलेली बाई पहिल्याच ओळीला मुरका घेते. तिनं हे अवश्य ऐकावं.

आता कापलेला अर्धा गुण. दोन्ही बाजूंना मध्यावर गती सारखीच मंद होते. संथ कथागीतं लागोपाठ आली की भाषा न कळणारा श्रोता सुटतो. क्रोमॉर्नचा आवाज काही ठिकाणी पातळ, नाकात बोलल्यासारखा, आणि मिश्रणात तो गरजेपेक्षा पुढे ठेवलेला आहे. शिवाय शब्द कळल्याशिवाय कथागीतांची निम्मी ताकद वाया जाते. यंत्रानं भाषांतर करून पाहायला हरकत नाही, पण जुन्या शब्दांना ते फसतं. लोकगीतांत प्रियेसाठी ‘मी’ असा एक जुना शब्द वारंवार येतो. आजच्या फ्रेंचमध्ये त्याच स्पेलिंगचा अर्थ पावाचा आतला मऊ भाग. भाषांतरात मध्येच पाव आला तर तिथं ‘सजणी’ वाचा.

विकत घ्यायचं म्हटलं तर तीन वाटा : जुनी एलपी, सीडी आणि स्ट्रीमिंग. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं सीडी किंवा स्ट्रीमिंगच धरावं. ही तबकडी नुसती गोड नाही, तिच्यात सतत धरलेला सूर आहे, आणि धरलेला सूर प्लेअरचे सगळे दोष उघडे पाडतो. चित्रपटगीतात तबकडीचा वेग जरा हलला तर कानाला कळत नाही. इथं लगेच कळतं. तबकडीचं मधलं भोक केंद्रातून थोडं सरकलेलं असेल तर सूर दर १.८ सेकंदांनी वरखाली होतो, कारण ३३⅓च्या वेगाला एक फेरा तेवढ्याच वेळात पूर्ण होतो. हा दोष आणि व्हिएलच्या चाकाचा श्वास वेगळा ओळखायचा असेल तर घड्याळ लावा. तबकडीचा दोष घड्याळासारखा नियमित असतो आणि सुराची उंची हलवतो. चाकाचा श्वास वादकाच्या हातानुसार जलद-मंद होतो आणि आवाजाचा जोर हलवतो. पहिल्याबद्दल विक्रेत्याकडे तक्रार करा, दुसऱ्याबद्दल करू नका.

परदेशातून प्लेअर आणणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेच्या साठ हर्ट्झवर चालणारी जुनी सिंक्रोनस मोटर आपल्या पन्नास हर्ट्झवर लावली तर ३३⅓चा वेग २७.८ होतो आणि सूर साधारण तीन अर्धस्वर खाली येतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. पुली बदलावी लागते, किंवा डीसी मोटरचाच प्लेअर घ्यावा. भारनियमनात इन्व्हर्टरवर ऐकणार असाल तर प्युअर साइनवेव्हचाच हवा. स्क्वेअरवेव्हवर अॅम्प्लिफायर घोंघावतो, आणि ती घुरघुर नेमकी या तबकडीच्या खर्जात जाऊन बसते. मग कुत्रा कुठला आणि इन्व्हर्टर कुठला, कळत नाही. सुटकेससारखे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांच्या सिरॅमिक काट्याचा भार पाच-सहा ग्रॅम असतो, साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा दोन ग्रॅमच्या आसपास. पन्नास वर्षं टिकलेली खाच दोन-चार महिन्यांत खरवडायला नको.

एलपी कधी मागवायची, हा खानदेशात चवीचा नाही, हवामानाचा प्रश्न आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत साठाच्या वरही जातो, आणि तबकडीचं प्लास्टिक साधारण तिथंच मऊ पडू लागतं. कुरिअरची गाडी दुपारभर बाहेर उभी राहिली की चपटी तबकडी थाळीसारखी वाकून येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यात मागवा. विक्रेत्याला सांगा, तबकडी पाकिटातून काढून पाकिटाच्या मागे वेगळी ठेव, नाहीतर प्रवासात धक्क्यांनी पाकिटाची शिवण तिच्या कडेनं फाटते. खरेदीआधी तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा, सरळ उजेडात ओरखडे दिसत नाहीत. प्रत्येक बाजूची शेवटची दोन गाणी विशेष तपासून घ्या. केंद्राजवळ खाचेचा वेग कमी होतो, तिथं झिजलेल्या प्रतीवर एकत्र गायलेले ‘स’ आणि ‘श’ फसफसतात, आणि चार कंठांच्या जागी ते सहन होत नाही.

घरी आल्यावर उभी ठेवा, पुस्तकासारखी, घट्ट नाही आणि तिरकीही नाही. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या थेट खालच्या माळ्यावर नको, पश्चिमेच्या भिंतीला लागूनही नको. कूलरच्या झोतासमोर ठेवली तर कागदी पाकिटाला बुरशी धरते. धुवायची वेळ आली तर बोअरचं पाणी वापरू नका. जड पाणी वाळलं की खाचेत क्षार राहतात आणि काट्याखाली कडकड वाजतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मेडिकलमध्ये किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं. एक लिटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब, मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुवायचं आणि सावलीत उभं वाळवायचं. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाची तूस असते, तेव्हा ऐकण्याआधी प्रत्येक वेळी कोरडा कार्बन ब्रश फिरवायला हवा.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांना दोनच गोष्टी. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, कारण त्याला खालचे सूर वाजवताच येत नाहीत. खर्ज गेला की गाण्याखालची जमीनच गेली, वर उरते ती नाकातली चाल. आणि बेस बूस्ट, थ्रीडी, जे काही लावलं असेल ते बंद करून इक्वलायझर शून्यावर आणा. बूस्ट लावलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर धरलेला सूर फुगतो, चिखल होतो, आणि कुत्र्याची झर्र त्यात बुडते. पाचशे-हजाराचा तारेचा इयरफोनही चालेल.

आता ज्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहिलं त्यांच्याकडे, म्हणजे अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या मंडळींकडे वळतो. ‘आल्माना’ची चाल उचलायची नाही, काम करायची पद्धत उचलायची आहे.

कानबाईचं एखादं जुनं गाणं घ्या. गाणाऱ्या बाईला मेट्रोनोम (ठेक्याचं यंत्र) लावून गायला सांगू नका. आधी तिला तिच्या पट्टीत, तिच्या लयीत, नुसतं गाऊ द्या आणि तेच मुद्रण पाया धरा. तिची पट्टी काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मध्ये कुठं असेल तर वाद्यं तिच्याकडे सरकवा, तिला वाद्यांकडे ओढू नका. गिटार सरकवता येते, कीबोर्डला ट्यूनचं बटण असतं. पक्क्या सुराची हार्मोनियम मात्र सरकत नाही, तेव्हा ती बाहेर ठेवा. मग ओळी मोजा. लोकगीतात पहिली ओळ आठ मात्रांची आणि दुसरी नऊ-दहाची निघते, कारण शेवटच्या ‘वं’ किंवा ‘माय’वर ती थांबते. लूप आठवर कापला की तो थांबा तुटतो आणि गाणं घाईत असल्यासारखं वाटतं. मालिकोर्न अशा जागी ताल बदलतात, ओळ कापत नाहीत. तुम्हीही त्या ओळीला दोन मात्रा जास्त द्या. ऑक्टापॅडवाल्याला पहिल्यांदा जड जाईल, तीन-चार तालमींत बसतं.

दुसरं काम षड्जाचं. तुणतुणं घ्या, पण ठेक्यासाठी नाही, एकच सूर धरून ठेवण्यासाठी. त्याच्या एक सप्तक खाली बेस गिटारनं एकच सूर गजानं घासल्यासारखा लांब ओढायचा. इलेक्ट्रिक गिटारला फक्त षड्ज-पंचम. इथंच सगळ्यात मोठी चूक होते. कीबोर्डवाला सवयीनं पूर्ण मेजर कॉर्ड दाबतो. त्यात शुद्ध गंधार असतो, आणि बाई गातेय कोमल गंधार. दोन्ही गंधार एकमेकांवर घासतात, मग ‘बाई बेसूर गाते’ असं म्हणून तिच्यावर ऑटोट्यून, म्हणजे सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर, टाकतात. बाईचा सूर बरोबर होता, कॉर्डमधली मधली पट्टी चुकीची होती. ते एक बोट उचललं की भांडण मिटतं.

पहिलं कडवं नुसतं कंठांनी जाऊ द्या, दुसऱ्याला षड्ज येऊ द्या, तिसऱ्याला ताल. गिटार चौथ्याला, तीही आधी ऐकू न येईल इतकी. नवापूर-साक्रीकडचा पावरी (भोपळा-बांबूचं फुंकवाद्य) वाजवणारा मिळाला तर त्याला चाल शिकवत बसू नका. आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात तो वाजवतो तेच सूर त्याला वाजवू द्या आणि गाण्याची पट्टी त्याच्या पावरीवरून ठरवा, कारण भोपळा आणि बांबू वळवता येत नाहीत. खानदेशातल्या वहीगायनातली पुढे गाणारा आणि मागून झेलणारे ही मांडणी चार कंठांच्या कामाला आयती आहे. झेलणाऱ्यांतल्या एकाला पंचमावर बसवलं की पुरे.

‘आल्माना’ आवडली तर पुढे त्यांची १९७७ची चौथी तबकडी घ्या. बेसवाला ऑलिव्हिए झ्द्रझालिक तोवर आला होता, त्यानं रॉकची बाजू जड झाली. १९७८ची पाचवी गावोगाव फिरून काम शिकणाऱ्या फ्रेंच कारागिरांवरची एकसंध कथा आहे. १९७९ची ‘बेस्तिएर’ सगळ्यात भव्य, पण सुरुवात तिथून करू नये. त्यात वाद्यांची गर्दी आहे, आणि वर सांगितलेली पद्धत गर्दीत दिसत नाही. त्याच काळातली त्री यान या नांत शहरातल्या बँडची तबकडी अधिक मोकळी, नाचती आहे. रिपाय या बँडची १९७७ची एकच तबकडी आहे, ती नाटकी अंगाची. एमान्युएल पारेनँची १९७७ची ‘मेझों रोझ’ रॉकपासून लांब, पण व्हिएल एकांतात कसं वाजतं ते तिच्यात ऐकायला मिळतं.

गाब्रिएल याकूब जानेवारी २०२५मध्ये गेला. बँड २०१० साली ला रोशेलच्या महोत्सवात पुन्हा एकत्र उभा राहिला होता आणि पुढे काही वर्षं गात राहिला. त्या मैफलींचं मुद्रण मिळालं तर ‘आल्माना’तली गाणी त्यात शोधा. आवाज जाड झालेत, लय किंचित खाली आली आहे, पण सूर धरण्याची जागा तीच आहे.

तबकडी घरात आली की पहिल्या दिवशी दोन्ही बाजू सलग लावू नका. सेंट जॉनच्या दिवसाचं गाणं काढा, कानांना बटणं लावा, डोळे मिटून फक्त खालचा सूर धरा आणि गाणं संपेपर्यंत तो सोडू नका.